दोन नंबर मोठी चप्पल

वाचकाचं पत्र

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही फोंडा तालुक्यात जुन्या चिरेबंदी घरात राहतो. पाऊस सुरू झाल्यापासून त्या दोनदा पडल्या. पहिल्यांदा अंगणात तुळशीपाशी. पायात रबरी चप्पल होती. दुसऱ्यांदा पहाटे न्हाणीकडे जाताना. रात्री टाचांच्या भेगांना व्हॅसलीन लावून वर मोजे घातले होते, तसंच उठून निघाल्या. नशिबाने मनगट मुरगळण्यावर निभावलं. पायांना सूज येते म्हणून त्यांच्या चपला आम्ही दोन नंबर मोठ्या घेतो. पुण्याच्या दिरांनी जाड, मऊ तळाचे महागडे स्पोर्ट्स शूज पाठवले, त्यावर त्यांचं एकच वाक्य: "बूट घालून भोंवपाक हांव कितें पुलीस?" (बूट घालून फिरायला मी काय पोलीस आहे?) घरात तर त्या अनवाणीच असतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर 'थोडी' आहे. पायात नेमकं काय घालावं? ते त्यांच्या गळी कसं उतरवावं? आणि आता हातात काठी द्यावी का?

उत्तर

तुमच्या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. चपला दोन नंबर मोठ्या घेतो, हे ते वाक्य. सुरुवात तिथूनच करू.

आपल्याकडे बाजारात चालणाऱ्या मापांत एक नंबर म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर. आता चालताना काय होतं ते बघा. पुढे जाणारं पाऊल आपल्याला वाटतं तेवढं उंच उचललेलं नसतं. साध्या सपाट जमिनीवर बोटांखालून जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जागा सुटते. मेंदूचा हा हिशेब आपल्या बोटांच्या टोकापर्यंतचा असतो. त्यापुढे लोंबणाऱ्या चपलेच्या टोकाचा हिशेब त्यात नसतो. तुमच्या घराला सोपा असेल, माजघर असेल, प्रत्येक दाराला उंबरठा असेल. पाय उंबरठ्यावरून सहज जातो, चपलेचं टोक मात्र अडकतं. वयामुळे पाय उचलणं थोडं मंदावलं असेल तर उंबरठाही लागत नाही, फरशीची वर आलेली कड पुरते.

आणि ज्या सुजेसाठी मोठी चप्पल घेता, ती सूज येते घोट्याभोवती आणि पावलाच्या पाठीवर. सुजेने पाऊल लांब होत नाही, जाड आणि रुंद होतं. वयानेही पावलातली बंधनं सैल पडून पंजा पसरतो. म्हणजे सासूबाईंना हवी आहे रुंदी, आणि तुम्ही विकत आणता लांबी. दोष तुमचा नाही. दुकानात डब्यावर लांबीचाच नंबर असतो, रुंदी विचारायची पद्धतच नाही. मग पंजा आवळला की दुकानदार एक नंबर वरची चप्पल पुढे करतो, आणि आपण खूश होऊन घेतो, कारण बसल्या जागी ती छान वाटते.

चालायला लागल्यावर ती निसटू नये म्हणून बोटं आपोआप आखडून चप्पल धरून ठेवतात. सासूबाई चालत असताना त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघा. ती वाकलेली, नखं खाली रुतवल्यासारखी दिसली तर समजा की तोल सांभाळण्याचं काम सोडून बोटं चप्पल सांभाळत आहेत. अशा माणसाचं पाऊल आखूड पडतं, पाय घासत जातो, टाच चपलेच्या कडेवरून घसरते. चालण्याचा फट-फट आवाज येत असेल तर डोळ्यांनी बघायचीही गरज नाही.

ही फक्त आपल्या गावची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुनर्वसन वॉर्डातल्या ६५ वृद्धांची पावलं आणि पायताणं मोजली, तेव्हा ७२ टक्क्यांचं माप चुकीचं निघालं. ऑस्ट्रेलियात २००३ साली पडून खुब्याचं हाड मोडलेल्या ९५ वृद्धांकडे चौकशी झाली, पडताना पायात काय होतं याची. सर्वाधिक आढळल्या त्या घरातल्या स्लीपर. आणि ६३ टक्के जणांच्या पायताणाला नाडी, पट्टा, बक्कल असं पाय धरून ठेवणारं काहीच नव्हतं. याचा अर्थ स्लीपरनेच त्यांना पाडलं असा सरळ काढता येत नाही. घरात बहुतेकांच्या पायात स्लीपरच असते, त्यामुळे न पडलेल्यांच्याही पायात तीच सापडली असती. तरी पट्टा नसलेली चप्पल पायाला धरत नाही, हे समजायला अभ्यासाची वाट बघावी लागत नाही.

अनवाणी राहण्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे पाश्चात्त्य सल्ला जसाच्या तसा उचलला की घरात भांडणं होतात. सिअॅटलमध्ये केलेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की वृद्धांमध्ये अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर असताना पडण्याचा धोका सर्वात जास्त दिसला आणि कॅनव्हासच्या किंवा खेळाच्या बुटांत सर्वात कमी. पण ती माणसं शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वाढलेली नव्हेत. तुमच्या सासूबाईंची पावलं सत्तर वर्षं जमीन ओळखत आली आहेत. कोरड्या, खडबडीत जमिनीवर उघड्या तळव्याची पकड चांगलीच असते. अडचण येते ती तीन ठिकाणी. फरशी ओली असली की ही पकड संपते. तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर पाऊल जमीन ओळखेनासं होतं. आणि पावलाला ठेच, काटा, भेग असं काही दुखत असेल तर माणूस नकळत कडेवर भार टाकून चालतो. म्हणून 'घरात अनवाणी फिरायचंच नाही' असा हुकूम मी देणार नाही. न्हाणी, मोरी, परसदार आणि रात्रीचं उठणं, एवढ्यापुरतं तरी पायात काहीतरी हवं, हे मात्र पक्कं.

मोज्यांबाबत माझी कसलीही तडजोड नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे हेच मुळात घसरणं, त्यात आतून व्हॅसलीन, म्हणजे मोजाही घसरतो आणि मोज्याच्या आत पायही घसरतो. भेगांना मलम जरूर लावा, भेगा भरल्याच पाहिजेत. फक्त वेळ बदला. दुपारी जेवण झाल्यावर तास-दोन तास त्या आडव्या होतच असतील. तेव्हा लावा, उठण्याआधी कोरड्या फडक्याने तळवे स्वच्छ पुसा. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल साठून चिखल्या होतात.

आता काय घ्यावं ते. साडी नेसणाऱ्या, आयुष्यभर चप्पल घातलेल्या बाईला बूटच घातले पाहिजेत असं अजिबात नाही. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, जिचा पुढचा आणि मागचा असे दोन्ही पट्टे व्हेल्क्रोने सैल-घट्ट करता येतात. सकाळी पाय हलका असताना आवळायची, संध्याकाळी सूज आली की सैल करायची. सुजेचा बंदोबस्त असा पट्ट्यानेच करायचा असतो. बक्कलही चालेल, पण मनगट मुरगळलेलं असताना, शिवाय बोटांत संधिवात असेल तर, बक्कल लावणं हे रोजचं कटकटीचं काम होतं आणि मग पट्टा तसाच लोंबत राहतो. लोंबता पट्टा म्हणजे दुसरं संकट. टाचेला मागून कडक आधार असलेली सँडल मिळाली तर उत्तमच.

माप घ्यायला दुपारनंतर जा, पाय फुगलेले असतात तेव्हा. जाण्याआधी घरी एक काम करा. कोऱ्या कागदावर त्यांना उभं करा, बसवून नाही, आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून रेघ काढा. उभं राहिल्यावर भार पडून पंजा पसरतो, ते खरं माप. दोन पावलं सहसा सारखी नसतात; मोठ्या पावलाचं माप धरायचं. हा कागद कापून दुकानातल्या सँडलच्या आतल्या तळावर ठेवा. कागद कडेने बाहेर डोकावला तर पंजा आवळणार, मग नंबर काहीही असो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली की पुरे.

दुकानात आणखी तीन गोष्टी हातानेच करून बघा. सँडल टाचेला आणि टोकाला धरून वाकवा. ती बोटांच्या मुळाशी वाकली पाहिजे, मध्यभागी नाही. ओला कपडा पिळावा तशी पिळून बघा. सहज पिळली गेली तर ती ठेवून द्या. मग तळ अंगठ्याने दाबा. बोट आत रुतत असेल तर तो तळ फार मऊ आहे.

ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. वय झालं म्हणजे पायाखाली मऊ हवं, असा आपला समज, आणि दिरांनीही त्याच मायेने ते बूट पाठवले असणार. पण तोल सांभाळण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती तळव्यातून वर जाते: जमीन कलती आहे, पायाखाली खडा आहे, भार टाचेवरून पुढे सरकतो आहे. मधे जाड गादी आली की ही माहिती अंधूक होते आणि घोटाही डगमगतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९२ साली वयस्क पुरुषांना अरुंद तुळईवरून चालवून पाहिलं. पातळ आणि टणक तळाच्या बुटांत त्यांचा तोल चांगला राहिला, जाड आणि मऊ तळाच्या बुटांत तो जास्त वेळा गेला. म्हणून तळ पातळ, टणक, खाली नक्षी कोरलेला रबराचा घ्या. टाच रुंद हवी आणि अडीच सेंटीमीटरहून उंच नको. दिरांचे बूट टाकाऊ आहेत असं मात्र समजू नका. पाय धरून ठेवण्याच्या बाबतीत ते रबरी चपलेपेक्षा कितीतरी बरे. तळ तेवढा जाड नसता आणि सासूबाईंनी ते पायात घातले असते तर मी हरकत घेतली नसती.

टाच कमी केलीत तर साडीही तेवढी वर नेसायला सांगा. जुन्या चपलेच्या उंचीवर ठरलेले निऱ्यांचे काठ नव्या सपाट सँडलखाली येतात, आणि जिना उतरताना स्वतःच्याच निरीवर पाय पडतो. ही गोष्ट कुठल्या परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही.

तुळशीपाशी त्या पडल्या त्याचा निम्मा दोष चपलेचा आणि निम्मा शेवाळाचा. गोव्याच्या पावसात जांभ्या चिऱ्यावर आठवड्याभरात हिरवा थर चढतो आणि त्यावर पकड राहील असा तळ कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. त्यामुळे तुळशीपर्यंतची वाट आणि पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून ताठ खराट्याने घासून घेणं हे पावसाळाभर कुणाचं तरी ठरलेलं काम असू दे. पायरीच्या बाजूला धरायला लोखंडी नळी बसवा. रबरी चपलेचा तळ उलटून बघा. टाचेखालची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ती चप्पल सरळ कचऱ्यात. 'अजून पट्टा शाबूत आहे' म्हणून परसात वापरायला ठेवू नका, कारण सर्वात घसरडी जागा परसच असते.

गळी उतरवण्याचं म्हणाल तर मला त्यांचं पोलिसाचं वाक्य फार आवडलं. त्यात नुसता हट्ट नाही. पुण्याहून खोका आला, त्यांना कुणी विचारलं नाही, पाय त्यांचे आणि निवड दुसऱ्याची. त्यांना स्वतःला फोंड्याच्या बाजारात घेऊन जा, दुकानात बसवा, रंग त्यांना निवडू द्या. तुम्ही फक्त पट्टा आणि तळ बघा. 'पडाल' हा शब्द दुकानात काढू नका. पडलेल्या माणसाच्या मनात ती भीती आधीच असते, आणि भीतीने माणूस फिरणं कमी करतो, फिरणं कमी झालं की पायातला जोर जातो.

घरातल्या वापरासाठी दुसरी जोडी वेगळी घ्या, जी एकदाही उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न बहुतेक घरांत एवढ्याने सुटतो. ही जोडी पलंगाशी ठेवायची, दाराशी नाही, म्हणजे पहाटे उठताना पाय थेट त्यातच जातील. देवघरात त्या अनवाणीच जातील आणि जाऊ द्या. तिथली फरशी कोरडी ठेवा, आणि पाटावरून उठताना धरायला शेजारी जड स्टूल ठेवा. चतुर्थीच्या दिवसांत घरभर माणसं, ओल्या फरशा, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) सांडलेली पानं-फळं, त्या गर्दीत कुणीतरी फडकं घेऊन असावं. मंगेशी किंवा शांतादुर्गेला न्यायचं तर पावसाच्या दिवसांत प्राकाराच्या ओल्या दगडावर त्यांचा हात सोडू नका.

साखर 'थोडी' आहे, हे वाचून मी थांबले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वाधिक. प्रौढांमध्ये चौघांत एकाहून जास्त. ही थोडी साखर वर्षानुवर्षं राहिली की तळव्यांची संवेदना हळूहळू जाते, आणि ज्याची जाते त्याला ते कळतही नाही. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून ही तपासणी करतात. दुखत नाही, वेळही लागत नाही. ती करून घ्या. संवेदना कमी निघाली तर अनवाणी फिरण्याबद्दल मी वर दाखवलेली सगळी सवलत रद्द. मग घरातही पायताण लागेल, आणि तेही मायक्रोसेल्युलर रबराचं, ज्याला दुकानात एमसीआर चप्पल म्हणतात. मागे पट्टा असलेलीच घ्या. रोज रात्री तळवे कुणीतरी बघायचे आणि पायताण घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का ते पाहायचं.

सुजेबद्दलही डॉक्टरांशी बोला. रक्तदाबाची गोळी अॅम्लोडिपिन असेल तर तिच्यामुळेही घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त विचारा. एकाच पायाला अचानक सूज आली आणि तो दुखत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा. पहाटेच्या पडण्यात रक्तदाबाचाही हात असू शकतो: झोपेतून उठून उभं राहताच तो खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपून आणि मग उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. तोवर पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून, पाय हलवून मग उठायची सवय लावा, आणि न्हाणीच्या वाटेवर रात्रभर दिवा असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि पडताना डोक्याला मार बसला असेल, तर टेंगूळ बारीक दिसलं तरी वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या.

एवढं सगळं पायताणाबद्दल लिहिलं, तरी नुसत्या सँडलने काम भागेल असं मला वाटत नाही. मेलबर्नमध्ये पाय दुखणाऱ्या ३०५ वृद्धांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात योग्य पायताणाचा सल्ला आणि त्यासाठी पैसे, बुटात घालायचा आधार, माहिती आणि घोट्या-पावलांचे घरी करायचे व्यायाम असं सगळं एकत्र दिलं होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं पडणं वर्षभरात ३६ टक्क्यांनी कमी झालं. त्यातला कुठला भाग किती कामाला आला हे वेगळं काढता येत नाही, म्हणून कुठलाच गाळू नये. मनगट बरं झालं की स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. चहाला उकळी येईपर्यंत एवढं होतं. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळण्याचे आणखी व्यायाम त्यांच्या बेताने ठरवून घ्या.

राहिली काठी. घाईने देऊ नका. आधी सँडल आणि शेवाळ यांचं बघा, मग फिजिओथेरपिस्टला त्यांची चाल दाखवा. त्यांनी काठी सांगितलीच तर ती वारशात आलेली सासऱ्यांची काठी नको. सँडल घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. एका पायात जोर कमी असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात. खालचं रबरी बूच झिजलं की ओल्या फरशीवर काठीच आधी घसरते. बूच औषधांच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात सुटं मिळतं. दोन आणून ठेवा.